नीवारेच्या श्वासातली अक्षरे

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, विंध्याच्या दक्षिणेस, वेळूच्या बेटांनी वेढलेल्या वेत्रवनात आर्जवी नावाची ऋषिका आपल्या धाकट्या बहिणीसह, नीवारेसह, राहत असे. आश्रम कसला, कुडाच्या चार भिंती आणि वर पळसाची पाने! परंतु त्या दारातून आर्त मनुष्य कधी विन्मुख गेला नाही.

त्या काळी तप्तक नावाचा ज्वरासुर माजला होता. शस्त्राने त्याला मृत्यू नाही, असा त्याला वर होता; कारण त्याचा देह हाडामांसाचा नव्हताच. चारच अक्षरे, सहस्रावधी वेळा उलटसुलट येऊन, त्यांच्या क्रमातून तो घडला होता. तो क्रम ज्याला कळेल, त्यालाच प्रतिमंत्र रचता येईल, आणि त्या मंत्राने भारलेले जलच रोग्यास तारील. पण क्रम ऐकू यायचा कुठे? ज्वराने जळणाऱ्याच्या श्वासात. तिथे कान लावणार कोण? मोठमोठे तपस्वी नाकाला उपरणे लावून दहा हात दूर उभे राहत!

म्हणून ऋषिसभेने वाग्देवीच्या साक्षीने मर्यादा घालून दिली होती: जो क्रम ऐकेल, त्याने तो लपवू नये, सर्वांस द्यावा, जो त्यातून मंत्र रचील, त्याने जपाआधी मस्तकी हात ठेवून क्रम देणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि सिद्ध जलाचा पहिला कलश जिथे अक्षरे सापडली तिथे पाठवावा.

वेत्रवनात ज्वर आला, तेव्हा नीवारा रोग्याचे मस्तक मांडीवर घेई आणि म्हणे, "ताई, मी धरते. तू ऐक." एकेचाळीस दिवसांत एकशे आठ माणसे त्या मांडीवर गेली. अखेर क्रम पूर्ण झाला. आर्जवीने भूर्जपत्रांवर त्याच्या प्रती केल्या आणि शाई वाळण्याचीही वाट न पाहता सर्व आश्रमांकडे धाडल्या.

त्यातली एक प्रत देवांच्या नगरीत, अमरावतीस, महर्षी उदग्रतपांच्या हाती पडली. महर्षी विद्वान होते, उगाच नावे कशाला ठेवा? सात दिवसांत त्यांनी प्रतिमंत्र सिद्ध केला.

इकडे नीवाराच ज्वराने पडली. आर्जवी वाटेकडे डोळे लावून बसली. "येईल गं कलश, आपलाच पहिला," असे ती बहिणीला सांगे. दहा दिवस झाले, कलश नाही. तेव्हा बहिणीला शेजारणींच्या हाती सोपवून ती धावत अमरावतीस गेली.

आणि तिथे तिने काय पाहिले? अहो, सांगताना माझी जीभ अडखळते! ठणठणीत गंधर्व औषधाने चुळा भरत होते, देवांच्या घोड्यांवर त्याच जलाचे प्रोक्षण चालले होते, आणि उदग्रतपा स्वतःच्या मस्तकी हात ठेवून गर्जत होते, "या मंत्राचा ऋषी उदग्रतपा!"

आर्जवी थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "महर्षी, क्रम कोणी दिला?"

"रानातल्या शिळेला कोणी मूर्ती म्हणत नाही, बाई. घडवतो त्याची मूर्ती."

"शिळा? माणसांचे शेवटचे श्वास होते ते! राहू द्या, नाव तुमचेच घ्या. माझी बहीण जळते आहे. एक कलश द्या."

"वनवासीयांची पाळी पौर्णिमेनंतर."

धिक्कार असो! हीच का ती विद्वत्ता?

आर्जवी रित्या हाताने परतली. ऐन माध्यान्ही नीवारेने डोळे उघडले. "ताई, कान लाव. काही अक्षरे बदललीत."

"मला नाही ऐकायचं गं! कोणासाठी ऐकू?"

"मागे उरतील त्यांच्यासाठी. लाव."

आर्जवीने रडत रडत कान लावला. शेवटचे अक्षर उमटले आणि श्वास थांबला.

नीवारेची चिता विझली नाही तोच अमरावतीत हाहाकार झाला. तप्तकाने रूप पालटले होते. जुना मंत्र त्याच्या केसालाही धक्का लावीना. उदग्रतपांची एकुलती कन्या ज्वराने तडफडू लागली. तेव्हा महर्षी अनवाणी वेत्रवनात आले आणि आर्जवीच्या पायांशी कोसळले. "देवी, नवा क्रम दे!"

वनवासी ओरडले, "देऊ नकोस, आर्जवी! याला कळू दे आता!"

आर्जवी वनवासीयांकडे वळली. मग म्हणाली, "मी अडवणार नाही. अडवण्याची विद्या यांची. क्रम सकाळीच सर्व आश्रमांकडे गेला, महर्षी, तुमच्याकडेही. वाटेत चुकामूक झाली असेल." मग तिने आकाशाकडे हात जोडले. "वाग्देवी, तुझ्या साक्षीची मर्यादा मोडली गेली. जो ज्याचे नाव त्याला देणार नाही, ज्याचा पहिला कलश जिथला तिथे पोचणार नाही, त्याच्या मंत्राने पाणी पाणीच राहो!"

"तथास्तु!" असा घोष उठला आणि वेळूची बने शहारली.

उदग्रतपांनी तिथेच नवा मंत्र रचला. मस्तकी हात ठेवून ते म्हणाले, "या मंत्राची ऋषी आर्जवी."

कलशातले जल हलले नाही. महर्षींचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नुसती ऐकत होते," आर्जवी म्हणाली. "जिच्या श्वासात ती अक्षरे होती, त्या माझ्या बहिणीचे, नीवारेचे, नाव घ्या."

"या मंत्राची ऋषी नीवारा."

जलाला तेज चढले. पहिला कलश महर्षींनी स्वतःच्या खांद्यावर वाहून वेत्रवनातल्या रोग्यांना पाजला, आणि दुसरा घेऊन ते लेकीकडे धावले. ती वाचली.

तेव्हापासून ती मर्यादा पाळून मंत्राआधी मस्तकी हात ठेवून ऋषीचे नाव घेतात. ते नाव गाळून जप करणारे आजही आहेत. त्यांच्या कलशात पाणीच असते.