रुईची सात पाने

एका मोठ्या तळ्याच्या काठी, बोरूच्या बेटात एक पाणकोंबडी राहत असे. तिला काळजी करायची भारी सवय. वारा सुटला तरी काळजी, वारा पडला तरी काळजी. घरट्यातली पाच अंडी ती दिवसातून दहा वेळा मोजी, आणि दहाव्या वेळीही पाचच भरली की म्हणे, "माझं मोजण्यात काही चुकत तर नाही ना?"

तळ्याभोवती पाच राने होती. दर उन्हाळ्याच्या तोंडी त्या पाच रानांची सभा भरे. मुलांनो, कॉम्प्युटरवर पाळीपाळीने राज्य वाढवायचा खेळ तुमच्यापैकी कुणी खेळत असेल, तर त्यातही सगळ्या राज्यांची अशी सभा भरते, हे त्याला ठाऊक असेल. ही सभा तशीच होती. फक्त इथे हरले की खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येत नसे. माळावरून कोल्हा येई, दाट रानातून गवा, कुरणातून हरिणी आणि टेकडीवरून साळिंदर. बोरूच्या बेटातून कोणी जायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा बगळे म्हणाले, "हिला नाहीतरी काळजी करायचीच असते. हिलाच पाठवा." अशी पाणकोंबडी सभेत जाऊ लागली.

सभेची रीत जुनी होती. एका वारुळामागे दोन खड्डे खणलेले असत. एक 'राखा'चा, दुसरा 'मोकळा'चा. 'राखा' जिंकला तर तळ्याचा एक काठ राखून ठेवायचा, तिथे वर्षभर बाहेरच्या कुणी पाय ठेवायचा नाही. 'मोकळा' जिंकला तर एक काठ सगळ्यांना चरायला आणि लोळायला खुला. प्रत्येकाने आपल्या मनातल्या काठावरचे पान आणून हव्या त्या खड्ड्यात टाकायचे. ज्या खड्ड्यात पाने जास्त, तो जिंकला. हरलेल्या खड्ड्यातली पाने कोणत्या काठाची आहेत हे न बघताच पाण्यात फेकत. मग जिंकलेल्या खड्ड्यात ज्या काठाची पाने सगळ्यांत जास्त, त्या काठाला निर्णय लागू होई.

एक पान सगळ्यांना फुकट. जास्त पाने टाकायची तर गुंजा द्याव्या लागत. एका रानाने दुसऱ्याला मदत केली की मदतीची आठवण म्हणून एक लाल गुंज मिळे, ती वेलीत ओवून गळ्यात घालायची. दुसऱ्या पानाला एक गुंज, तिसऱ्याला आणखी दोन, चौथ्याला आणखी तीन, असे पान महाग होत जाई.

कोल्हा न मागता मदत करी आणि नंतर आठवणीने गुंज मागून घेई. त्या वर्षी त्याच्या गळ्यात पंधरा गुंजा होत्या. पाणकोंबडीकडे तीन. काळजीपोटी ती वर्षभर ओरडतच असे, त्यातल्या तीन ओरडी खऱ्या निघाल्या होत्या. गवा, हरिणी आणि साळिंदर यांच्याकडे एकेक.

सभेच्या आदल्या दिवशी कोल्हा बोरूच्या बेटाशी आला. "काय पाणकोंबडीबाई, यंदाही पाचच का?"

पाणकोंबडी अंड्यांवर घट्ट बसून राहिली.

"उद्या बोरूचा काठ मोकळा होणार," कोल्हा म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. गेल्या वर्षीही झाला होता, बोरू पुन्हा उगवलाच की."

बोरू उगवला होता हे खरे. पण गेल्या वर्षी गव्यांचा कळप बोरू तुडवत गेला, घरटी उघडी पडली, आणि मागून कोल्हा सावकाश चालत आला. पाणकोंबडीने तेव्हा आपले पान 'राखा'च्या खड्ड्यात टाकले होते. संध्याकाळी ते तिला पाण्यावर तरंगताना दिसले. कडेला किडीने खाल्लेले होते, म्हणून ओळखू आले.

कोल्हा गेल्यावर तिने गोगलगाईचे शिंपले चिखलात मांडले. स्वतःची तीन पाने, हरिणीची दोन, साळिंदराची दोन. सगळी 'राखा'त पडली तर सात. पलीकडे कोल्ह्याची सहा, गव्याची दोन. आठ. तिने पुन्हा मांडले. सात आणि आठ. शिंपले बदलून पाहिले, तरी सात आणि आठच.

"म्हणजे काठ मोकळा होणारच," ती स्वतःशी म्हणाली. कितीतरी वेळ ती त्या आठ शिंपल्यांकडे बघत बसली. मग तिच्या लक्षात आले की ते आठही एका काठाचे नाहीत. गवा वर्षानुवर्षे करंजाचा काठ मागत होता. तिथली सावली त्याला आवडे. म्हणजे बोरूची पाने सहाच. आपल्याकडे सात आहेत. फक्त ती चुकीच्या खड्ड्यात आहेत.

ती लगेच टेकडीकडे धावत सुटली. वाटेत हरिणी भेटली, तिलाही सोबत घेतले.

"उद्या आपण तिघांनी पानं 'मोकळा'च्या खड्ड्यात टाकायची," पाणकोंबडी म्हणाली. "सगळी रुईच्या काठाची. तिथे नुसता चिखल आहे. ना घरटं, ना बीळ, ना पाडस. गव्यांना लोळू दे खुशाल."

"ऊन लागलंय का गं तुला?" साळिंदर म्हणाले.

"माझ्या आईनं जन्मात त्या खड्ड्यात पान टाकलं नाही," हरिणी म्हणाली.

"माझ्याही. म्हणून तर दर वर्षी आपली पानं पाण्यात जातात, ताई."

"अगं, पण आपणच काठ मोकळा करायचा?"

"तो होणारच आहे. त्यांची आठ आहेत. कोणता काठ, एवढंच आपल्या हातात उरलंय."

"आणि तुझा हिशेब चुकला तर?" साळिंदराने विचारले.

"चुकेलही, साळूदादा. माझं मोजणं मला स्वतःलाच पटत नाही. म्हणून तर आले. तुम्ही मोजा."

साळिंदराने आपले गळलेले काटे मांडून मोजले. एकदा, दोनदा, तीनदा. मग ते कुरकुरत म्हणाले, "हे काय भलतंच. त्याच्या गळ्यात पंधरा गुंजा, आणि पानं सहा. आपल्या तिघांच्या मिळून पाच, आणि पानं सात?"

"त्याला एकट्या सहाव्या पानालाच पाच गुंजा पडतात. तुम्हाला दुसरं पान एका गुंजेत मिळतं."

साळिंदर हसले. "करंजाच्या मुळाशी माझं बीळ आहे. गवा तिथे आला तर मी कुठे जाऊ? त्यापेक्षा तो चिखलात रमलेला बरा. मी टाकतो."

हरिणी मात्र कान हलवत उभी राहिली. "माझं पाडस जांभळीच्या काठाला असतं. बोरूशी माझा काय संबंध?"

"बोरूत काही उरलं नाही, की कोल्हा पुढच्या वर्षी कुणाचा काठ मागेल?"

"बघते," हरिणी म्हणाली, आणि निघून गेली.

'बघते' या शब्दाने पाणकोंबडीला त्या रात्री झोप लागली नाही. हरिणीची दोन पाने आली नाहीत तर रुईची पाचच होणार होती.

सकाळी सभा भरली. म्हातारे कासव मोजणीला बसले. सगळ्यांनी पाने पळसाच्या पानात गुंडाळून आणली होती. कोल्हा आधी गेला आणि रिकामी वेल गळ्यात मिरवत परत आला. मग गवा गेला, मग साळिंदर.

मग पाणकोंबडी वारुळामागे आली. रुईचा चीक चोचीला लागून तोंड कडवट झाले होते. मान आपोआप 'राखा'कडे वळली. तोच तर आपला खड्डा, असे वाटले. तिने क्षणभर डोळे मिटले, वळली, आणि तिन्ही पाने 'मोकळा'त टाकली.

शेवटी हरिणी गेली. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिने कुणाकडे पाहिले नाही.

कासवाने आधी 'राखा'चा खड्डा उघडला. ते वाकून बघत राहिले, मग आणखी वाकले. "माझे डोळे गेले की काय? यात तर काहीच नाही."

पाणकोंबडीने हरिणीकडे पाहिले. कोल्ह्याचे कान ताठ झाले.

"'मोकळा' जिंकला," कासव म्हणाले आणि एकेक पान वेगळे करू लागले. "करंज दोन. बोरू सहा. रुई... पाच, सहा." ते थांबले, चिकाने चिकटलेली दोन पाने त्याने हळूच सोडवली. "सात. रुईचा काठ मोकळा."

"चिखल चालेल," गवा म्हणाला. "सावली असती तर बरं झालं असतं."

कोल्हा पाणकोंबडीजवळ आला. "बये, तू 'मोकळा'च्या खड्ड्यात पान टाकलंस? लाज नाही वाटली?"

"वाटली," पाणकोंबडी म्हणाली. "तरी टाकलं."

हरिणी तळ्यावर तोंड धुवायला गेली होती. तिच्या ओठांना लागलेला पांढरा चीक लवकर निघेना. पाणकोंबडी शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींनी आपापले तोंड धुतले.

दहा दिवसांनी बोरूच्या बेटात चिवचिवाट झाला. पलीकडे रुईच्या काठावर गवे चिखलात निवांत लोळत होते. पाणकोंबडीने पिल्ले मोजली. पाच. तिने साळिंदराला बोलावून पुन्हा मोजून घेतली. तरीही पाचच.

तात्पर्य : हरणाऱ्या बाजूला उभे राहिल्याने मनाचे समाधान होते, घरटे वाचत नाही. निर्णय जिथे होणार असेल तिथे जावे, आणि एकट्याने जाऊ नये.