गुडघ्याएवढी खिडकी

एकदा एका मिरचीच्या गावात एक बालवाडी होती. गाव इतकं तिखट, की तिथले कावळेसुद्धा आधी शिंकत आणि मग ओरडत. खोटं वाटत असेल तर निम्मं सोडून द्या. उरलेलंही पुरेसं झोंबेल.

तिथल्या एका व्यापाऱ्याच्या आवारात बाया दिवसभर मिरच्यांचे देठ खुडत. हातांची अशी आग, की पोटच्या लेकराचे डोळे पुसायची सोय नाही. म्हणून एका वृद्ध गुरुजींच्या संस्थेने आवाराला लागूनच बालवाडी काढली. खोली व्यापाऱ्याने दिली, मध्ये उंच भिंत बांधली आणि तिच्यावर स्वतःची झुपकेदार मिशांची तसबीर टांगली. गुरुजींची शिष्या मुलांना सांभाळू लागली.

पण मुलं रडत. खेळणी, गाणी, गूळ, सगळं हरलं. तीन वर्षांची मोगी तर असा हंबरडा फोडी, की भिंतीपलीकडे तिची आई टोपली टाकून धावे आणि तिच्यामागे बाकीच्या. अखेर व्यापाऱ्याने बजावलं, "हे असंच चाललं, तर सोमवारपासून लेकुरवाळ्यांना काम नाही. बालवाडीही बंद."

शिष्येने निरोप धाडला. गुरुजी आले आणि सकाळभर मुलांमध्ये पालथे पडून राहिले. मग उठले, पहार घेतली, भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर भोक पाडलं, तसबिरीची काच काढली आणि त्यात बसवली.

"अहो गुरुजी, आया दिसल्या की मुलं दुप्पट रडतील ना!" शिष्या म्हणाली.

"रडतील. आज."

व्यापारी तणतणत आला. "माझी तसबीर उघडी पाडलीत?"

"शेठ, तुमच्यावर धूळ बसली तर पुसता येईल. काच नसती, तर मिरची या पोरांच्या डोळ्यांत गेली असती."

"सोमवार लांब नाही, गुरुजी!"

त्या दिवशी खरोखरच दुप्पट रडारड झाली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मोगी खेळता खेळता उठली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. पलीकडे आईचे हात मिरच्यांत होते; तिने कोपर उंचावलं. मोगीनेही कोपर उंचावलं आणि ती ठोकळ्यांकडे परत गेली. त्या दिवशी एकही बाई उठली नाही.

शिष्या थक्क झाली. गुरुजी म्हणाले, "अगं, भिंतीआड गेलेली आई मुलाच्या लेखी गेलीच. ते रडून एवढंच विचारतं, 'आहेस ना?' आपण त्याला गूळ देत बसलो. आणि तिकडे आईचाही जीव तेच विचारत होता. आईला बाहेर ठेवून मूल सांभाळता येत नाही, बाई."

संध्याकाळी सगळे गेल्यावर शिष्या काच पुसायला वाकली.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "ही आजची हजेरी आहे."

तिने निरखून पाहिलं. चिमुकल्या नाकांचे ठसे दाटीवाटीने उमटले होते. त्यांच्या शेजारी, काचेच्या पलीकडच्या अंगाला, एक ठसा चांगला मोठा होता, खाली झुपकेदार मिशांच्या रेघांसकट.

सोमवारी बालवाडी वेळेवर उघडली.