बर्फातले टोमॅटो

एकदा एक मुलगी अमेरिकेचा इतिहास लिहायला बसली. वय सोळा, इयत्ता अकरावी, पाने बारा, मुदत शुक्रवारपर्यंत. मुलगी मराठी होती, नाव मैथिली. पण तिचा जन्म, शाळा आणि मैत्रिणी सगळं न्यू जर्सीच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातलं. त्यामुळे हा इतिहास तिच्याच देशाचा होता, हे आपण आधी लक्षात घेऊ. आपल्याकडच्या अनेकांना ते चटकन लक्षात येत नाही.

तिच्या शाळेत अकरावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असा एक दीर्घ निबंध लिहावा लागे. त्याला तिथे टर्म पेपर म्हणतात. नियम कडक होता. निबंधाला किमान पाच आधार हवेत. चार दिलेत तर पेपर परत, आणि वर्षभराच्या निकालाचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर गेला. मैथिलीला आदल्या सत्रात इतिहासात जेमतेम गुण पडले होते. या पेपरवर तिचं सगळं वर्ष अडकलं होतं.

विषय तिने गावातलाच घेतला. एकशेतीस वर्षांपूर्वी त्या गावात टोमॅटो सोलून डबाबंद करण्याचा कारखाना होता. टोमॅटोच्या आंबट रसाने सोलणाऱ्या मुलींच्या बोटांची सालपटं निघत. हात बुडवायला थंड पाण्याच्या बादल्या मिळाव्यात, एवढ्या एका मागणीसाठी त्या मुली एक दिवस काम सोडून बाहेर अंगणात जाऊन बसल्या. मालकाने मागणी मान्य केली. गावच्या चौकात या दयाळू मालकाचा पुतळा आहे, हातात टोपी धरलेला. ग्रंथालयात त्याच्यावर बरोब्बर पाच पुस्तकं होती. मैथिलीने पाचही उचलली आणि देवाचे आभार मानले.

तिच्या शेजारच्या घरी शिवराम जगदाळे नावाचे एक वृद्ध गृहस्थ लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचं सारं आयुष्य दफ्तरखान्यात गेलं. जुने मोडी लिपीतले कागद तिथे कापडात बांधून ठेवतात, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे शेकडो रुमाल जगदाळ्यांनी सोडले, वाचले आणि पुन्हा बांधले. मोठमोठे विद्वान येत, जगदाळे त्यांना कागद वाचून देत, विद्वान जाऊन ग्रंथ लिहीत. ग्रंथावर विद्वानाचं नाव असे. जगदाळ्यांचं नाव प्रस्तावनेतसुद्धा नसे. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला विचाराल तर करायला हवी होती.

सोमवारी दुपारी मैथिली पाच पुस्तकांचा ढीग घेऊन त्यांच्याकडे आली आणि तिने त्यांना कारखान्याची सगळी गोष्ट सांगितली.

"आजोबा, तुम्ही हिस्टरीमधले ना? मला फक्त सांगा, कुठून सुरुवात करू?"

आजोबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. "असं कर," ते म्हणाले, "सगळ्यात जुनं पुस्तक आधी घे. त्यातलं मालकानं मागणी मान्य केली ते वाक्य तेवढं वाच. मग त्याच्यानंतरचं. मग त्याच्यानंतरचं."

मैथिली वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली. पहिल्या पुस्तकात होतं, मालकाने मागणी मान्य केली. दुसऱ्यात, मालक स्वतः पायरीवर आला आणि त्याने मागणी मान्य केली. तिसऱ्यात त्याने टोपी काढून हातात घेतली. चौथ्यात बर्फ भुरभुरत होतं आणि तो टोपी हातात घेऊन उघड्या डोक्याने उभा राहिला. पाचव्यात एवढं सगळं होऊन शिवाय त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झकास," आजोबा म्हणाले. ते उठले, आत गेले, आणि एक चौकोनी लाल कापड घेऊन आले. मैथिलीच्या हातातलं पुस्तक त्यांनी अलगद काढून घेतलं, पाचही पुस्तकं कापडात ठेवली, चारी कोपरे ओढून घट्ट गाठ मारली आणि ते गाठोडं खुर्चीखाली सरकवून दिलं.

"आता लिही," ते म्हणाले.

मैथिली ओरडलीच. "आजोबा! शुक्रवारी सबमिट करायचाय!"

"मग लिही की."

"पण बुक्स? माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये!"

"मला एक सांग पोरी. मी इथं नवखा माणूस, मला म्हाईत नाही. तुमच्याकडं बर्फात टोमॅटो येत्यात व्हय?"

मैथिलीच्या परसात आई दरवर्षी टोमॅटो लावी. ते जुलै-ऑगस्टमध्ये पिकत, आणि पहिल्या थंडीत वेल काळे पडून जात. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. चौथं पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं, आणि तरीही त्या बर्फात ती निमूट उभी राहिली होती.

"जा," आजोबा म्हणाले. "त्या आठवड्यात लिहिलेला कागद शोध. पन्नास वर्षांनी लिहिलेला नको."

घरी जाऊन मैथिलीने आईजवळ रडून घेतलं. आई म्हणाली, "आजोबांना दिवसभर काही काम नाही गं, मी जाऊन पुस्तकं मागून आणते." पण मैथिलीच म्हणाली, नको. ते बर्फ तिच्या डोक्यातून जाईना.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती ग्रंथालयात गेली आणि त्या कारखान्याचे मूळ कागद कुठे आहेत का, असं तिने विचारलं. ग्रंथपालबाईंनी चष्मा वर केला. पुस्तकं मागायला दरवर्षी मुलं येत. कागद मागायला कुणी आलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं आणि राखाडी रंगाच्या चार पेट्या टेबलावर ठेवल्या. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाच्या नातवाने त्या देऊन टाकल्या होत्या.

पहिल्या दिवशी तिला काहीच मिळालं नाही. नुसती डब्यांवरची लेबलं, यंत्रांची चित्रं, वाफेच्या बॉयलरबद्दलचा कंटाळवाणा पत्रव्यवहार. बुधवारीही पहिल्या तासाभरात तेच. शुक्रवार आता अगदी अंगावर आला होता. आणि मग तिसऱ्या पेटीच्या तळाशी तिला मुकादमाची रोजवही मिळाली. तिने ऑगस्ट महिना काढला, पानावर बोट ठेवलं, आणि वाचता वाचता ती उभीच राहिली.

मुकादमाने लिहिलं होतं: "एकोणीस ऑगस्ट. सोलणाऱ्या मुली सकाळी सातपासून अंगणात बसल्या आहेत. फाटकाबाहेर टोमॅटोच्या एकेचाळीस गाड्या उभ्या. ऊन भयंकर. गाड्यांतून रस गळू लागला आहे. दुपारी दोन वाजता बादल्यांचं कबूल केलं. साहेबांना तार केली."

साहेबांना तार केली! म्हणजे मालकसाहेब गावात नव्हतेच. तिने भराभर पुढची पानं उलटली. साहेबांचं उत्तर वहीतच टाचून ठेवलेलं होतं, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून आलेलं: "परवानगीशिवाय बादल्या का दिल्या? शनिवारी आल्यावर बोलू." पायरी नाही, टोपी नाही, डोळ्यांत पाणी तर नाहीच नाही. त्या आठवड्याचं गावचं साप्ताहिकही ग्रंथपालबाईंनी उत्साहाने शोधून आणलं. एकोणीस तारखेला उन्हाने बाजारात दोन घोडे कोसळले, अशी बातमी त्यात होती. एव्हाना बाईंचाही चहा गार झाला होता आणि त्या मैथिलीच्या खांद्यावरून वाचत होत्या.

मुलींचा मूळ अर्ज रोजवहीच्या शेवटी घडी करून ठेवला होता. मैथिलीने त्याचे फोटो काढले आणि ती तशीच धावत सुटली. दप्तर ग्रंथालयातच राहिलं.

"आजोबा, मिळालं! ऑगस्ट होता! ऑगस्ट! आणि मालक नव्हताच, तो बीचवर होता!"

"हळू. श्वास घे," असं आजोबा म्हणाले खरे, पण त्यांचाच हात भिंग शोधताना दोनदा चुकला. त्यांनी फोनवरचा अर्ज मोठा करून घेतला. वर तीन ओळींची मागणी, खाली तेवीस नावं. नावं एकाच हाताने लिहिलेली, कारण बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. प्रत्येक नावापुढे फुलीची खूण. पहिलं नाव डेलिया क्विन, वय सोळा. तिच्यापुढे मात्र फुली नव्हती. काहीतरी आडवं, लहानसं चितारलेलं होतं.

"हे काय आहे, कळत नाहीये," मैथिली म्हणाली. "शाईचा डाग असेल."

आजोबा खुर्चीतून उठले. "डाग? अगं, आमच्याकडं पाटलाला सही येत नसली की तो कागदावर नांगर काढायचा. नांगराची निशाणी! ज्याचं जे हत्यार, ती त्याची सही. मी हजारभर नांगर बघितल्यात. मला शिकवतीस व्हय? नीट बघ. ही मूठ. हे पातं."

मैथिलीने पाहिलं. ती सुरी होती. टोमॅटो सोलायची, आखूड पात्याची सुरी. सोळा वर्षांच्या एका मुलीने, बोटांची सालपटं निघालेली असताना, ती काढली होती. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी खरं होतं. मैथिलीने स्वतः पाहिलं.

मग आजोबांनी खुर्चीखालचं गाठोडं काढून तिच्यापुढे ठेवलं.

"आता हे घेऊन जा," ते म्हणाले. "सोमवारी मी हे का बांधलं, ते तुला आता सांगतो. तुझी पाच पुस्तकं म्हणजे पाच साक्षीदार नव्हते. एकानं सांगितलं आणि चौघांनी ऐकलं. ऐकणारा जो तो आपल्या पदरचं थोडं घालून पुढं देतो. कुणी टोपी घातली, कुणी बर्फ घातलं. आमच्याकडं असल्या लिखाणाला बखर म्हणत्यात. बखर लिहिणारा लबाड असतोच असं नाही गं. जे घडायला हवं होतं असं त्याला मनापासून वाटतं, ते तो लिहितो. आपला मालक चांगला असावा असं गावाला वाटलं, तर त्यात गावाचं काय चुकलं? पण त्या चांगल्या मालकाच्या पायरीखाली ह्या तेवीस पोरी गाडल्या गेल्या. त्यांना कुणी बादल्या दिल्या नाहीत. टोमॅटो कधी सडतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दिवस निवडला आणि बादल्या मिळवल्या. तू त्यांना वर काढलंस. आता एकच पाळ. जे लिहिशील ते कुणाच्या हातचं, ते सांग. ज्यानं दिलं त्याचं नाव लिही. बास."

"आणि ही बुक्स?"

"गाठ सोडू नको. पाच मिळून एक धर. तुझे कागद चार झाले: रोजवही, तार, साप्ताहिक, अर्ज. आणि हे पाचवं. झाले की नाही तुझे पाच आधार?"

गुरुवारी शाळेतून आल्याबरोबर मैथिली लिहायला बसली. सोमवारी बारा पाने कशी भरावीत ही तिला चिंता होती. आता बारा पानांत मावत कसं नाही, ही पंचाईत झाली. ती मध्येच उठून घरभर फिरे, आईला एखादं वाक्य वाचून दाखवी, पुन्हा जाऊन बसे. आईने कुकर बंद करून शेवटी सगळंच ऐकून घेतलं. पेपरमध्ये मैथिलीने पुस्तकांची थट्टा केली नाही. बर्फ कोणत्या वर्षी, कोणत्या पुस्तकात पडायला लागलं, एवढं तिने नोंदवलं, आणि शेवटच्या पानावर तेवीस नावं जशीच्या तशी दिली.

शुक्रवारी पेपर गेला. दोन आठवड्यांनी तो परत आला. वर गुण होते, आणि ते उत्तम होते; पण मैथिलीने आधी वाचली ती समासातली इतिहासाच्या बाईंची ओळ: "मी वीस वर्षं वर्गात हे बर्फ शिकवत आले. त्या पेट्या मला दाखवशील?"

आजोबांचे सहा महिने संपत आले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी मैथिली त्यांना पेपरची एक प्रत द्यायला गेली. त्यांनी पहिलं पान उघडलंच नाही. चाळीस वर्षांची सवय. विद्वानांचा ग्रंथ हाती आला की ते सरळ मागचं पान काढत, जिथे आधार दिलेले असतात. चष्मा पुसून ते एकेक टीप वाचू लागले. रोजवही, पेटी क्रमांक तीन. तार, तीच पेटी. साप्ताहिकाचा अंक. अर्ज. मग एका ओळीत पाच पुस्तकं, एकत्र.

खाली आणखी एक टीप होती, सहावी. ती कुणी मागितली नव्हती. आजोबांनी ती वाचली, भिंग घेतलं आणि पुन्हा वाचली.

"टोमॅटो बर्फात येत नाहीत, आणि डेलिया क्विनच्या नावापुढची खूण ही सुरी आहे: शिवराम जगदाळे, दफ्तरखान्यातील जुने वाचक, यांनी प्रत्यक्ष सांगितले."

मैथिलीला वाटलं, काही चुकलं की काय. तेवढ्यात त्यांनी हात पुढे करून तिच्याकडे पेन मागितलं. आपल्या नावापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी सावकाश एक लहानसं गाठोडं काढलं, आणि त्यावर नीट गाठ मारली.