वीस हात पाणी

फार मागे शालवती नगरीत सुकेतू राजा गादीवर आला, त्या काळी बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सेलक. नगरापासून दिवसभराच्या वाटेवर मोठा तलाव होता. त्याचा मातीचा बांध राखणे आणि पाणी चढले की सांडव्याची दारे उघडणे, हे सेलकाचे काम. बांधावरच्या झोपडीत तो एकटाच राही. खालच्या वेळुग्रामातली घरे पाळीपाळीने त्याला दुपारचे जेवण पाठवीत. जेवण आणणाऱ्याशी चार शब्द होत, तेवढीच त्याची माणसांतली ऊठबस.

तलावात एक दगडी खांब होता व त्यावर हातांच्या खुणा. पाणी वीस हातांवर आले की दारे उघडावीत, असा नियम बांध घालणाऱ्यांनी घालून दिला होता. बांधाचा माथा बावीस हातांवर होता.

त्या राज्याची रीत अशी, की नव्या राजाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत काठी कापायची आणि साऱ्या राज्यात तोच हात मानायचा. रीत काही वाईट नव्हती. सगळीकडे एकच माप असल्याने शेतांचे तंटे मिटत आणि कापड विकणाऱ्याला लबाडी करता येत नसे. पण सुकेतू उंचापुरा. त्याचा हात आधीच्या राजाच्या चोवीस बोटांच्या हातापेक्षा दोन बोटे लांब भरला. अमात्यांनी जुन्या काठ्या जाळल्या, नव्या वाटल्या आणि खांबावरही नव्या खुणा कोरण्याचा हुकूम धाडला. सेलकाने जुन्या खुणा घासून नव्या कोरल्या. विसाव्या खुणेपाशी तो थबकला. ती बांधाच्या माथ्याखाली जेमतेम आठ बोटांवर आली होती. राजाचा हात वाढला होता, बांध वाढला नव्हता.

त्याने नगरात निरोप पाठवला. नियम वीस हातांचा आहे आणि वीसच राहील, असे उत्तर आले. वेळुग्रामात मात्र आनंदीआनंद झाला. जास्त पाणी साठणार, मग उन्हाळी भातही होणार, म्हणून लोकांनी नवे वाफे घालून ठेवले.

श्रावणात पाणी झपाट्याने चढले. घासलेली जुनी खूण सेलकाच्या बोटांना अजून लागत होती. पाणी तिच्यापाशी येताच त्याने दारे उघडली.

बांध फुटला नाही, आणि तिथेच बिचाऱ्याची पंचाईत झाली. न फुटलेला बांध दाखवून माणूस काय सिद्ध करणार? गावचा ग्रामणी धम्मिल त्याला तीस वर्षे ओळखत होता. तो वर आला. सेलकाने मापाचा सगळा घोळ समजावून सांगितला, त्याने तो ऐकूनही घेतला. मग म्हणाला, “सेलका, उद्यापासून गावातून तुझं जेवण येणार नाही. आमचं पाणी तू आमच्या डोळ्यांदेखत वाहून घालवलंस.” तो मागे न बघता उतरून गेला. सेलकाला फार वाईट वाटले.

पुढे नियम मोडल्याबद्दल राजाने त्याला सभेत बोलावले. सुकेतू दुष्ट नव्हता, फक्त त्याला कोणी कधी नाही म्हटले नव्हते. तो म्हणाला, “पुढच्या पावसाळ्यात पाणी माझ्या खुणेपर्यंत भरू दे. बांध फुटला तर तू खरा, टिकला तर मी.”

बांधाखाली एकशे दहा घरे होती. सेलक म्हणाला, “महाराज, मग मलाच खोटा ठरवा. पण पाणी तिथवर चढवू नका.”

“म्हणजे तू भ्यालास?”

“भ्यालो, महाराज.”

ते खरेच होते. सभा हसली, राजाही हसला. आणि हसता हसता त्याने या भित्र्याला जुनी खूण ठेवू दिली.

त्यानंतर एकोणीस पावसाळे सेलकाने त्याच खुणेवर दारे उघडली. तो स्वतःच रांधी आणि एकटाच जेवी. खाली गावात लग्ने होत, नवी घरे उठत. बांधावरून त्याला सगळे दिसे, बोलावणे मात्र कधी आले नाही. एकटेपणा असह्य झाला की तो खांबाशीच बोले. बांध कधी फुटला नाही, म्हणून तो खरा होता हे कोणालाच कळले नाही.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली ती भिक्षू चंदकामुळे. विहाराचे रांजण आपण रोज भरतो आणि कोणी दखल घेत नाही, असे तो सकाळपासून पुटपुटत होता.

शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा सुकेतू म्हणजे दाराशी बसलेला हा वृद्ध रेणुक. ग्रामणी धम्मिल म्हणजे चंदका, तू. वेळुग्रामचे लोक म्हणजे ही बाकीची परिषद. आणि बांधावरचा सेलक मी होतो.”

चंदकाने विचारले, “भंते, मग तुम्ही खरे होता हे आम्हांला कधी कळलं?”

“आत्ता,” शास्ते म्हणाले. आणि सोसण्याच्या या पारमितेला क्षांती म्हणतात, एवढे सांगून ते उठले.