झऱ्यावरची आडवी फांदी

माणसांनी कुलपांचा शोध लावण्याच्या कितीतरी आधी एका जंगलात उन्हाळ्यात एकच झरा वाहता राहायचा. वाट अरुंद, म्हणून रीत अशी, की आत जाणाऱ्यानं वाटेवर काटेरी फांदी आडवी टाकायची आणि पाणी पिऊन निघताना ती उचलायची. दुसऱ्याच्या फांदीला कुणी शिवायचं नाही.

एका दुपारी फांदी काही उचलली जाईना. बाहेर रांग वाढली. सांबरीचं पाडस तहानेनं मटकन खाली बसलं. लगेच अस्वलाच्या अध्यक्षतेखाली चौकशी सुरू झाली.

"झराच बिघडलाय," कोल्हा म्हणाला.

"सगळे घरी जाऊन परत या, आपोआप सुटेल," माकडानं सुचवलं. सगळे गेले, परत आले. फांदी तिथंच.

"अहो, पण आत आहे कोण?" सांबरीनं विचारलं.

साळिंदर डोकावून आलं. "कुणीच नाही. फांदीला मध मात्र चिकटलाय."

सगळे अस्वलाकडे बघू लागले. अस्वलानं घाईघाईनं पंजे चाटले. "सकाळी मी पाणी पिऊन मागच्या उतारानं परत पोळ्याकडे गेलो होतो खरा. पण चौकशी चालू असताना असे आरोप शोभत नाहीत."

"मग आता तरी उचला ना, अस्वलदादा!"

"अध्यक्षानं पुराव्याला हात लावायचा नसतो, सांबरताई."

सांबरीनं खुरानं फांदी भिरकावली आणि पाडसाला पाणी पाजलं.

संध्याकाळी निकाल लागला. दुसऱ्याच्या फांदीला शिवल्याबद्दल सांबरीला झरा बंद.

निकाल मोठ्यानं वाचून दाखवताना अस्वलाचा घसा कोरडा पडला. नवी फांदी आडवी टाकून ते आत गेलं, पोटभर पाणी प्यालं, आणि मागच्या उतारानं पोळ्याकडे निघून गेलं.