वळलेली मान

एकदा एका मठात दोन शिष्यांमध्ये मत्सर उत्पन्न झाला. म्हणजे खरे तर तो एकाच्याच मनात झाला. दुसऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. बहुतेक मत्सर असेच एकतर्फी असतात, आणि त्यांचा सगळा त्रास एकालाच सोसावा लागतो.

हा छापखान्यांच्या पूर्वीचा काळ. पोथ्या हाताने लिहून काढीत. त्र्यंबक आणि मोरेश्वर हे मठातले दोन उत्तम लेखनिक. एकाच ओसरीवर, शेजारी शेजारी, मांडी घालून, समोर उतरता पाट ठेवून ते लिहीत बसत. मोरेश्वर मठात आला तेव्हापासूनच त्र्यंबकाच्या मनात ठिणगी पडली होती. त्या वर्षी नव्या देवालयात ठेवण्यासाठी एक मोठी पोथी लिहायची होती. तिच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव कायमचे राहणार होते. ते नाव आपलेच असणार, याविषयी त्र्यंबकाला तिळमात्र शंका नव्हती. आचार्यांनी मात्र कोरी पाने उचलली आणि मोरेश्वरापुढे ठेवली.

त्र्यंबकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मोरेश्वराचे बसणे, उठणे, बोरू तासणे, सारेच त्याच्या डोळ्यांत खुपू लागले. मोरेश्वर खोकला तरी त्याला वाटे, हा मुद्दाम मोठ्याने खोकतो आहे. पंगतीत त्याच्या भातावर तूप जरा जास्त पडले का, हेही तो मान लांब करून पाहू लागला.

शेवटी न राहवून तो आचार्यांकडे गेला.

"गुरुजी, माझं काय चुकलं? मी एकदा बसलो की दुपारपर्यंत जागचा हलत नाही. मान आखडते, कंबर धरते, पण बोरू खाली ठेवत नाही. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी अभिमानानं लिहायचे ना, की पाठ मोडली, मान मोडली, तेव्हा कुठे हा ग्रंथ पुरा झाला! ते कष्ट मी करतो. आणि हा मोरेश्वर? पान संपलं की उठला! विहिरीवर काय जातो, हात काय झटकतो! आणि मोठी पोथी त्याला?"

आचार्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तू असं कर. उद्यापासून लिहिणं बंद ठेव. ओसरीच्या कोपऱ्यात बस आणि फक्त मोरेश्वराकडे बघ. तो कसा बसतो, कसा हलतो, केव्हा उठतो, सगळं नीट पाहा आणि मला येऊन सांग."

मठात सगळे बुचकळ्यात पडले. इतक्या चांगल्या लेखनिकाला नुसते टक लावून बसायला सांगायचे, ही कुठली रीत? त्र्यंबक मात्र मनातून हरखला. त्याला वाटले, गुरुजींना पुरावा हवा आहे. चहाडी करण्याची प्रत्यक्ष गुरूकडून आज्ञा मिळावी, याहून मोठे सुख मत्सरी माणसाला कोणते?

त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि काही दिवसांनी आचार्यांपुढे सगळे ओतले.

"गुरुजी, तो पाट असा उंच करून घेतो की मान वाकवायलाच नको. मधूनमधून मांडी बदलतो. ओळ संपली की खांदे खाली सोडतो आणि सावकाश श्वास घेतो. पान झालं की डोळे मिटून बसतो. पाणी शेंदून घागर उचलताना कंबरेत वाकत नाही, गुडघ्यांत वाकतो. नुसती अंगचोरी!"

"छान पाहिलंस," आचार्य म्हणाले. "आता तू कसा बसतोस ते सांग."

"मी?"

"हो, तू. लिहिताना तुझी मान कुठे असते? भार कोणत्या बाजूवर पडतो? श्वास चालू असतो, की धरलेला असतो?"

त्र्यंबकाने आठवून पाहिले. विसरला होता असे नव्हे. त्याला ते कधी ठाऊकच नव्हते.

आचार्य उठले आणि ओसरीवरून त्याचे दर्भासन घेऊन आले. डावीकडे ते पार झिजले होते आणि उजवीकडे नव्यासारखे होते. त्यावर त्यांनी त्र्यंबकाने लिहिलेले एक पान ठेवले. वरच्या ओळी सुरेख होत्या. खाली येता येता अक्षर आखडत गेले होते आणि ओळी तिरप्या झाल्या होत्या.

"मोरेश्वर तुझ्या डाव्या हाताला बसतो," आचार्य म्हणाले. "तो आला त्या दिवसापासून तुझं अर्धं अंग त्याच्याकडे वळलेलं आहे. तो किती पुढे गेला हे पाहताना तू श्वास धरतोस. म्हणून मान आखडते, आणि मानेबरोबर अक्षरही. त्याचं शेवटचं पान पहिल्यासारखंच उतरतं, म्हणून पोथी त्याला दिली. अरे, दुखण्यालाच तू तपश्चर्या समजलास. शरीर इतके दिवस काही सांगत होतं, ते ऐकायला तू घरी नव्हतास. नजर तुझी फार चांगली आहे. थोडी स्वतःकडेही येऊ दे."

त्र्यंबकाच्या लक्षात आले, या क्षणीसुद्धा आपले दात घट्ट आवळलेले आहेत आणि खांदे कानांपर्यंत चढले आहेत. त्याला फार लाज वाटली. त्याने हळूच खांदे खाली सोडले.

मोठी पोथी मोरेश्वराकडेच राहिली. त्र्यंबकाला त्याचे वाईट वाटतच होते. मत्सर काही एका उपदेशाने निघून जात नाही. दुसऱ्या दिवशी तो आसन सरळ करून लिहायला बसला. चार ओळी होतात न होतात तोच मान आपोआप डावीकडे गेली. पण या वेळी ती जाताना त्याला जाणवली. त्याने बोरू खाली ठेवला आणि मोठ्या कष्टाने तोंड उघडले.

"मोरेश्वरा, माझी मान तुझ्याकडे वळली की सांगत जाशील का? माझं मला कळत नाही."

"सांगेन की," मोरेश्वर म्हणाला. "मला वाटायचं, तुला माझ्याशी काही बोलायचं असतं. मी कितीदा तरी हात थांबवून वाट पाहिली. पण तू काही न बोलता पुन्हा लिहायला लागायचास."

त्र्यंबकाने मान सरळ केली आणि बोरू उचलला.

वाचकहो, हे वाचताना तुम्ही जिथे बसला असाल तिथेच क्षणभर पाहा, तुमची मान कोणाकडे वळलेली आहे.