बंदीचा ठराव

एका जिल्ह्याच्या गावात भास्करराव निमकर नावाचे गृहस्थ क्रिकेट मंडळाचे सचिव होते. वीस वर्षे त्यांनी ते काम बिनपगारी केले. खेळपट्टीवर पाणी मारायला माणूस आला नाही, तर ते स्वतः पाइप धरून उभे राहायचे. संघ निवडताना कोण कुणाचा पुतण्या, हे त्यांनी कधी पाहिले नाही. गाव त्यांना सर म्हणायचे, आणि आपण सरळ माणूस आहोत याचा सरांना अभिमान होता.

मंडळाचा कारभार मात्र जुन्या वळणाचा. संघ परगावी निघाला की खेळाडू एसटीच्या मागच्या बाकावर किट मांडीवर घेऊन बसायचे आणि रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर आडवे व्हायचे. कुणी कुरकुरला तर सर म्हणत, "खेळ ही सेवा आहे. सेवेला गादी लागत नाही."

जालिंदर खरात कधी कुरकुरला नाही. तो एसटीच्या आगारात मेकॅनिक होता आणि जिल्हा संघाचा यष्टिरक्षक. तेरा वर्षांचा असताना सरांनीच त्याला हेरले होते. आता तो सव्वीसचा झाला होता. राज्याच्या निवडीसाठी सरांनी त्याचे नाव दोनदा पाठवले. वरून साधे उत्तरही आले नाही.

त्या वर्षी शहरातल्या एका टीव्ही वाहिनीच्या मालकाने स्वतःची लीग काढली. मंडळाला विचारले नाही, की मंडळाचे मैदान मागितले नाही. रंगीत कपडे, दिव्यांचा झगमगाट, ढोलताशे आणि चहूबाजूंनी कॅमेरे. जिल्ह्यातल्या सहा जणांना बोलावणे आले. पाच जण न सांगता गेले. जालिंदर तेवढा सरांच्या घरी विचारायला आला.

"सर, जाऊ का?"

"तो तमाशा आहे, जालिंदर. क्रिकेट नाही."

"असेल, सर. पण तेरा वर्षं मी यष्टींमागे बसतोय. माझा खेळ पाहिला कुणी? तुम्ही, आणि मैदानावर चरणाऱ्या शेळ्यांनी."

सरांना हे लागले. "जायचं तर जा. मग परत या मैदानात पाऊल ठेवायचं नाही."

जालिंदर त्यांच्या पाया पडला आणि गेला.

दुसऱ्याच आठवड्यात मंडळाने सहाही जणांवर बेमुदत बंदी घातली. ठराव सरांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिला. गुन्हा लिहिला, 'खेळाच्या पावित्र्याशी द्रोह.' सामने खेळायचे नाहीत, मुलांना शिकवायचे नाही, सकाळी मैदानावर धावायलासुद्धा यायचे नाही. लिहिताना त्यांचा हात अडखळला नाही.

लोक मात्र घरोघर टीव्हीसमोर बसले. मंडळाच्या सामन्यांना पंच आणि स्कोअरर सोडून कुणी फिरकेना. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांनी दुसरी वाहिनी गाठली, आणि वर्षाच्या आत मंडळाने स्वतःची लीग उभी केली. तेच रंगीत कपडे, तेच दिवे, तेच ढोलताशे. तिच्यापुढे त्या मालकाची लीग एका हंगामातच गुंडाळली गेली.

सर चाचरत म्हणाले, "नानासाहेब, यालाच आपण तमाशा म्हणत होतो."

"निमकर, दुसऱ्याने केला तर तमाशा. आपण केला तर विकास."

सभा हसली. सरही हसले. त्यांना निळा कोट शिवून मिळाला आणि पहिल्या रांगेत खुर्ची.

जालिंदर पुन्हा आला. "सर, आता मंडळच तसला खेळ भरवतंय. मग आमची बंदी कशाला?"

सरांनी नानासाहेबांकडे विषय काढला. "माफीनामा आणा, मग बघू," ते म्हणाले. सरांनी मजकूर लिहिला आणि आगारात नेला. जालिंदरने तो उभ्या उभ्या वाचला. 'मी खेळाच्या पावित्र्याशी द्रोह केला.'

"सर, तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"रीत असते रे. सही कर."

जालिंदरने बोटांचे ग्रीस पुसले आणि सही केली. त्याला खेळायचे होते.

माफीनामा फायलीत गेला. त्यावर शेरा पडला, 'पुढील सभेत विचार.' पुढची सभा आली आणि गेली. दर खेपेला सर ठरवायचे, आज बोलायचेच. दर खेपेला त्यांना वाटायचे, बोललो आणि खुर्ची मागच्या रांगेत गेली तर? अशी पाच वर्षे सरली. रस्त्यात जालिंदर दिसला की सर पानाच्या टपरीकडे वळायचे. ते पान खात नसत.

पाचव्या वर्षीच्या अंतिम सामन्याला, दुपारच्या वेळी, वाहिनीच्या निवेदिकेने सरांपुढे माइक धरला. "सर, किती खेळाडूंना ही संधी मिळाली! काय वाटतं?"

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पेटला होता. सर म्हणाले, "खेळाडूला हव्या त्या मंचावर खेळता आलं पाहिजे, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय."

टाळ्या पडल्या. सर खुशीत घरी आले.

त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "पाहिलं हो टीव्हीवर. मिक्सर बिघडला होता, म्हणून जालिंदरला बोलावलं होतं. तोही पाहत होता."

सरांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काय म्हणाला?"

"काही नाही. तुम्ही बोलायला लागलात तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. सगळं ऐकलं. मग मिक्सर जोडून दिला. चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाला."

तो चिडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर सरांना सोपे गेले असते. त्यांना भरल्या ताटावर बसवेना. बायकोच्या नजरेला नजर देता येईना. पाठ केल्यासारखे ते वाक्य कानात घुमत राहिले. 'पहिल्यापासून सांगत आलोय.'

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सभेत सर उभे राहिले. "द्रोह त्या सहा जणांनी केला नाही. त्यांनी केलं तेच आपण केलं, आणि वर शिक्षा त्यांना दिली. तो ठराव माझ्या अक्षरातला आहे आणि खोटा आहे. काल टीव्हीवरही मी खोटंच बोललो."

"निमकर, खाली बसा."

सर बसले नाहीत. सभेची बातमी घ्यायला आलेले वार्ताहर दाराशी उभे होते. ते पाहून नानासाहेबांनी घाईघाईने बंदी उठवली. बंदी उठवल्याच्या कागदावर सही करून सरांनी सचिवपदाचा राजीनामा दिला, आणि तो कागद घेऊन तडक आगार गाठले.

जालिंदर एका बसखाली होता. हाक ऐकून बाहेर आला. दहा-बारा कामगार भोवती जमले. त्यांच्यादेखत सरांनी हात जोडले. "जालिंदर, मी चुकलो. माझ्या खुर्चीपायी मी तुला अडवून ठेवलं."

"बंदी उठली, सर?"

"उठली."

"कधीपासून?"

"आजपासून."

जालिंदरने मान हलवली. "मी बत्तिसाचा झालो, सर. खाली बसलो की गुडघे धरतात." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने पाना उचलला आणि तो पुन्हा बसखाली शिरला.

कामगार पांगले. सर तो कागद हातात धरून तिथेच उभे राहिले. तो आता कुणाला द्यावा, हे त्यांना समजेना.

तात्पर्य: दुसऱ्याला ज्या कामाबद्दल शिक्षा केली तेच आपण करू लागलो, तर त्याच दिवशी ती शिक्षा मागे घ्यावी. उशिरा वाटलेली लाज आपले मन हलके करते, पण दुसऱ्याची गेलेली वर्षे परत देत नाही.